अहवालातला आकडा १८ की ४५?

प्रश्न : माझे वय ४२ असून मला कोणताही मोठा आजार नाही. सतत थकवा जाणवतो म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी केली, तेव्हा आकडा १८ आला. महिन्याभराने दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच ४५ निघाला. मधल्या काळात मी एकही गोळी घेतलेली नाही. कोणता अहवाल खरा मानावा? माझी बहीण दर आठवड्याला ५०,००० युनिटची गोळी घेते, तशी मीही सुरू करावी का?

उत्तर : दोन्ही अहवाल खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एकक छापलेले असते, ते आधी पाहावे. पहिल्या कागदावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि दुसऱ्यावर नॅनोमोल प्रति लिटर असेल, तर १८ ला अडीचने गुणले की ४५ च येतात. म्हणजे आपल्या रक्तात काहीही बदललेले नाही.

तपासणीचे नावही पाहून घ्यावे. शरीरातला साठा कळतो तो ‘२५-हायड्रॉक्सी’ या तपासणीतून. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ हे मूत्रपिंडात तयार होणारे क्रियाशील रूप असून, साठा घटला तरी पॅराथायरॉइड या (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या) ग्रंथीच्या रेट्यामुळे त्याचे प्रमाण नेहमीइतके किंवा त्याहून जास्तही राहू शकते आणि रुग्ण नाहक निर्धास्त होतो.

आता १८ म्हणजे कमी का? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या हिशेबाने २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळजवळ सर्वांची गरज भागवते आणि कमतरतेचा खरा धोका १२ च्या खाली सुरू होतो. त्यामुळे २० पेक्षा थोडे कमी असलेल्या प्रत्येकाला कमतरता आहे, असे म्हणणे चूक ठरते. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये ३० चा निकष सुचवला होता. २०२४ मध्ये तो मागे घेताना, निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये, असेही तिने सांगितले. तरीही ३० च्या खालचा आकडा पाहून घाबरलेली माणसे मला वारंवार भेटतात, याचे वाईट वाटते.

जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर न राहणे, हाडे दुखणे, हाडे ठिसूळ होणे, आतड्यांचे, यकृताचे वा मूत्रपिंडाचे विकार, फेनिटॉइनसारखी फिट्सवरची औषधे, यांपैकी काही असेल तर मात्र तपासणी आणि उपचार दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावेत. यांपैकी काहीच नसेल, तर आपल्या वयाला रोजची ६०० युनिटची गरज पुरेशी आहे. आहारातून आणि उन्हातून ती भागत नसेल, तर तेवढ्याच मात्रेची गोळी जेवणासोबत घ्यावी. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासावे, कारण थकव्याचे मूळ तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

मोठ्या मात्रेबद्दल मी आग्रहाने सांगेन. वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन पाहिलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम चढते. तहान, मळमळ, बद्धकोष्ठता सुरू होते आणि पुढे मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. गोळी सुरू केलीच, तर पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी. त्याआधी पातळी स्थिरावलेली नसते.

आपल्या बहिणीची गोळी साधारणतः ६ ते ८ आठवड्यांपुरतीच दिली जाते. ती किती आठवडे चालू आहे आणि कोणाच्या सल्ल्याने, हे आजच विचारून घ्यावे.