आईला उशीर झालाय आणि मुलाची घाई होतेय?

फोनवरच्या बाईंनी स्वतःचं नाव सांगण्याआधी दोन वयं सांगितली. आई एकाहत्तर वर्षांची, हल्ली फार विसरते. मुलगा सात वर्षांचा, वाचताना अडतो. आईबद्दल घरात म्हणत, ‘या वयात तपासणी करून काय मिळणार?’ आणि मुलाबद्दल, ‘एवढ्यात कशाला, लहान आहे अजून.’ समुपदेशनासाठी येणाऱ्या किती तरी घरांतून मी ही दोन वाक्यं ऐकते. या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.

वयाबद्दल मी काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, “दोघांचं रोजचं काय थांबलंय?” आईचं वाचन थांबलं होतं, मैत्रिणींचे फोन उचलणं थांबलं होतं, गोळी घेतली की नाही हे दुपारपर्यंत आठवत नसे. मुलाचं शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं, सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. रोजचं जगणं असं अडलं असेल, तर तपासणीला तेवढं कारण पुरतं. त्याला वयाची अट नसते.

आई आल्या त्या ताठ बसल्या आणि पहिलंच बोलल्या, “मला वेड लागलंय असं लिहून देणार का तुम्ही?” मुलगी गडबडली, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. त्यांना भीती चाचणीची नव्हती, कागदावर काय उमटेल याची होती. मी म्हटलं, “काकू, तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय ते आधी ठरवू. चाचण्या त्याच प्रश्नासाठी घ्यायच्या.” बराच वेळ थांबून त्या म्हणाल्या, “हे वाढत जाणार आहे का, तेवढं सांगा.”

मानसशास्त्रीय चाचण्यांआधी त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइडची गडबड, बी-१२ ची कमतरता, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या यांनीही विसराळूपणा येतो. कानही तपासायला हवेत, कारण जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? काकूंचं रक्त ठीक निघालं, पण एका कानाने बरंच कमी ऐकू येत होतं. त्यांनी हे कुणाला सांगितलंच नव्हतं.

इथे कोण काय करतं हे सांगायला हवं, कारण लोक इथेच गोंधळतात आणि चुकीच्या दारात वाट पाहत बसतात. मी समुपदेशक, माझं काम संवादाचं. स्मरणशक्ती, लक्ष, बुद्धी यांच्या सविस्तर चाचण्या आणि निदान हे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचं (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं) काम. औषधाची गरज मनोविकारतज्ज्ञ ठरवतात. एकाच्या हातून सगळं होत नाही. म्हणून पहिल्या फोनवरच विचारावं: तुमचं प्रशिक्षण कशातलं, या वयोगटाचा अनुभव आहे का, चाचणी आमच्या भाषेत होईल का, अहवाल समोर बसून समजावून सांगाल का. यांची उत्तरं द्यायला चांगला तज्ज्ञ नाराज होत नाही.

काकूंची आधी तीस गुणांची छोटी चाळणी चाचणी झाली. तिला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्यांना तेवीस गुण मिळाले आणि मुलीचा चेहरा उतरला. पण या आकड्यावरून निदान होत नाही. पुढे सविस्तर पाहायला हवं का, एवढंच तो सांगतो. शिक्षण, झोप, ऐकू येणं, घाबरलेलं मन या सगळ्यांची त्यावर छाया पडते. सविस्तर चाचण्या मग दोन सकाळी झाल्या, मधे विश्रांती घेत. एकाहत्तर वर्षांच्या माणसाची तुलना तिशीतल्या माणसाशी करत नाहीत. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ साली प्रौढांसाठीची बुद्धिचाचणी आणली, तेव्हापासून गुण त्या त्या वयोगटाच्या सरासरीशी ताडून पाहण्याची रीत रुळली. हे समजल्यावर काकूंचे खांदे जरा सैल झाले.

निकालात महत्त्वाचं होतं ते चुकण्याची तऱ्हा. शब्दांची यादी आठवायला सांगितली की काकू लगेच म्हणत, “नाही बाई आठवत.” पण पर्याय समोर ठेवले की बहुतेक शब्द अचूक ओळखत. म्हणजे शब्द आत पोचले होते, बाहेर काढायला बळ पुरत नव्हतं. अल्झायमरमध्ये बहुधा खूण देऊनही फारसं आठवत नाही, आणि विसरण्याची काळजी त्या माणसापेक्षा घरच्यांनाच जास्त असते. काकूंची तक्रार घरच्यांपेक्षा त्यांची स्वतःचीच मोठी होती. शिवाय त्यांना पहाटे तीनलाच जाग यायची, भूक मेली होती, आणि पतीच्या निधनाला दोन वर्षं होऊनही त्यांच्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. निदान झालं नैराश्याचं. उतारवयातलं नैराश्य कधी कधी डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवातही असू शकतं, म्हणून वर्षभराने पुन्हा चाचणी करावी असंही अहवालात लिहिलं होतं. हे आम्ही काकूंपासून लपवलं नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता, उत्तर त्यांच्याच हाती द्यायला हवं होतं.

मग त्या म्हणाल्या, “बरं, पण या वयात नुसतं बोलून काय बदलणार?” ही शंका मनोविश्लेषणाचा जनक खुद्द फ्रॉइडचीही होती. पन्नाशीच्या आसपास मनाची लवचीकता उरत नाही, म्हणून उपचाराचा उपयोग होत नाही, असं त्याने १९०५ साली लिहिलं. तेव्हा तो स्वतः पन्नाशीला टेकला होता, आणि त्याचं बरंच महत्त्वाचं लेखन त्यानंतरचं आहे. आज उतारवयातल्या नैराश्यावर संवादोपचार उपयोगी पडतात याला भरपूर पुरावा आहे. फक्त पद्धत थोडी बदलावी लागते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसायचे. सत्रात ठरलेलं त्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्यायच्या. त्यांची संमती घेऊन शेवटची दहा मिनिटं मुलीला आत बोलवायचो.

कामाची सुरुवात विचारांपासून केली नाही, हालचालीपासून केली. मन लागेल तेव्हा वाचू म्हटलं तर मन लागतच नाही, म्हणून आधी कृती. रोज सकाळी एक पान, मन लागो न लागो. आठवड्यातून एका मैत्रिणीला फोन. आणि वहीत त्या दिवसापुढे मन कसं आहे, याचा दहापैकी आकडा. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की फोनच्या दिवशी आकडा वर असतो. हे मी सांगून पटलं नसतं. पतीबद्दलचं बोलणं त्यानंतर सुरू झालं, आणि बरीच सत्रं त्यातच गेली. मनोविकारतज्ज्ञांनी औषधही सुरू केलं होतं, कानाचं यंत्रही आलं. नक्की कशाचा किती उपयोग झाला हे वेगळं काढता येणार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. वर्षभरानंतरच्या चाचणीत स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. विचारांचा वेग थोडा कमी आहे, त्यावर लक्ष ठेवायचं ठरलंय.

मुलाचं लवकर उलगडलं. डोळे-कान ठीक, बुद्धी वयाप्रमाणे, अडचण फक्त अक्षर आणि ध्वनी जोडण्यात. वाचनअक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया. १८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी पहिलं मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केलं, तिथला पहिला मुलगाही शुद्धलेखनात अडणाराच होता. ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबण्यात मुलाची वर्षं जातात, आणि त्या काळात तो स्वतःला ढ समजायला शिकतो. मला याचीच सर्वांत जास्त चिंता वाटते. आणि सात हे वय मुळीच लहान नाही. स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारासही करू शकतात, खेळताना निरीक्षण करून.

फोन करणाऱ्या बाई स्वतःसाठी बऱ्याच महिन्यांनी आल्या. दोन्ही टोकं सांभाळता सांभाळता त्यांची झोप उडाली होती. “माझीही चाचणी करायची का?” त्यांनी विचारलं. काही गरज नव्हती. प्रत्येकाला चाचणी लागत नाही, काहींना नियमित बोलायला जागा मिळाली तरी पुरतं. काही भेटींनंतर त्यांनी मुलाच्या शाळेचा विषय काढला: अहवाल पूर्ण द्यावा लागतो का? नाही. मूळ प्रत घरीच ठेवायची. निदान आणि शाळेसाठीच्या शिफारशी एवढंच असलेलं एका पानाचं पत्र मानसशास्त्रज्ञाकडून मागून घ्यायचं, म्हणजे घरातल्या इतर गोष्टी घरातच राहतात. त्यांनी तसंच केलं, आणि मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळाला.