स्विमिंग पूलच्या एकाच लेनमध्ये चार-पाच जण असतील तर कसं पोहायचं? मागचे लोक चिडतात

तुम्ही लिहिलंय की फ्रीस्टाइल आत्ता कुठे जमायला लागलंय, सकाळच्या बॅचला लेनमध्ये गर्दी असते, मागून कोणीतरी पायाला हात लावतं आणि तुम्ही दचकून मध्येच उभे राहता. आधी एक सांगते, हळू पोहण्यात काहीही चूक नाही, पाऊण तासाच्या बॅचचे पैसे तुम्हीही भरलेत. फक्त जे काही थांबायचं, बोलायचं, पुढे जाऊ द्यायचं ते भिंतीपाशी, मध्येच पाण्यात नाही. फ्रीस्टाइल करणाऱ्याचं डोकं खाली आणि नजर तळाच्या काळ्या पट्टीवर असते, समोर कोणी उभं राहिलंय हे त्याला कळतच नाही, तो सरळ तुमच्या अंगावर येतो.

पायाला हात लागला म्हणजे तो चिडलाय असं नाही हो, "मला पुढे जायचंय" एवढाच निरोप असतो तो. अशा वेळी वेग वाढवायला जाऊ नका, बरेच जण तेच करतात आणि भिंत येईपर्यंत दम लागतो. आपल्या चालीने भिंतीपर्यंत जा, कोपऱ्यात सरका, त्याला जाऊ द्या, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग निघा. मात्र हात लावणाऱ्यानेही एकदाच, तळव्याला नुसती बोटं टेकवायची, घोटा धरायचा नाही. मिक्स बॅचमध्ये कोणाचा हात परतपरत लागत असेल किंवा तळव्याच्या वर जात असेल तर लाइफगार्डला स्पष्ट सांगा, तिथे भिडस्तपणा अजिबात नको.

आता दिशा. दोघंच असाल तर अर्धी अर्धी लेन, काळ्या पट्टीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, जाताना येताना आपलीच बाजू. तिसरा आला की हे बदलतं, मग गोल फिरायचं, म्हणजे पट्टीच्या एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. आपल्याकडे काही ठिकाणी रस्त्यासारखं डावीकडून चालतं पण अमेरिकेत उजवीकडून पोहतात आणि आपल्याकडेही काही कोच तसंच शिकवतात, त्यामुळे उतरण्याआधी काठावर मिनिटभर उभं राहून लेन कशी फिरतेय ते बघा. आणि तिसरे तुम्ही असाल तर सूर मारून घुसायचं नाही, पायऱ्यांवरून किंवा काठावरून हळूच उतरा, कोपऱ्यात थांबा आणि दोघंही भिंतीला आले की "गोल फिरूया का?" विचारा. एकालाच सांगून निघालात तर दुसरा आपल्या अर्ध्या लेनमधून समोरून येतो आणि डोक्याला डोकं आपटतं, सगळ्यात वाईट टकरी अशाच होतात.

मोठ्या पूलची लेन अडीच मीटर रुंद असते, दोन फ्रीस्टाइलवाले आपापल्या बाजूच्या दोरीच्या कडेकडेने गेले तर आरामात निघतात. आपल्याकडे रोजच्या बॅचला बऱ्याच तलावांवर दोऱ्या लावतच नाहीत, तेव्हा तळाची पट्टी तुमच्या कोणत्या बाजूला आहे तेवढं बघत राहा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाजूला फाकतात आणि ती लाथ जोरात बसते, म्हणून समोरून कोणी येत असेल तर जरा आखडून मारा. बटरफ्लाय गर्दीत नकोच, दोन्ही हात पूर्ण उघडतात. बॅकस्ट्रोकला वर लावलेल्या पताका दिसल्या की भिंत पाच मीटरवर आली, पताका नसतील तर मान वळवून बघत चला.

अजून एक, आणि याचा मला खरंच राग येतो. भिंतीला चौघं जण गप्पा मारत ओळीने उभे राहतात, मग टर्न मारणाऱ्याने पाय टेकवायचे कुठे? विश्रांती घ्या की, पण कोपऱ्यात, भिंतीचा मधला भाग रिकामा सोडून. आणि आपल्यापेक्षा वेगाने पोहणारा भिंतीला येताना दिसला तर त्याच्या तोंडावर निघू नका, त्याला टर्न मारून जाऊ दे.

काकालोक ओरडतात म्हणता, तर बॅच सुरू व्हायच्या आधी त्यांना सांगून टाका की "काका, मी अजून शिकतोय, पुढे जायचं असेल तर भिंतीला सांगा, मी थांबतो." आणि तरीही सगळी लेनच तुमच्यापेक्षा फार वेगवान असेल तर बाजूची हळू लेन मागून घ्या, लाइफगार्ड किंवा कोच देतात, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.