ग्लासातलं पाणी तपकिरी झालं, पुढे?

या वेळच्या पत्रांत पुन्हा बोअर, मीटर आणि फिल्टरवाला. आधी सोपे प्रश्न.

प्र. दीपनगर वीज केंद्राच्या राखेच्या विटांनी घर बांधलं तर चालेल? (भुसावळ)
उ. चालेल. विटांच्या मजबुतीचा रिपोर्ट मागा, तुमच्या इंजिनिअरला दाखवा.

प्र. शेजारचा भंगारवाला रात्री पीव्हीसी पाइप, वायरी जाळतो. खिडक्या लावल्या की पुरे ना? (जळगाव)
उ. नाही. त्या धुरात झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू असतो, विषारी डायऑक्सिनही. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टर आधी, तक्रार नंतर.

प्र. एमआयडीसीजवळ राहतो. उन्हाळ्यात बोअरचं पाणी पिवळसर येतं. फिल्टरवाल्याने ग्लासात सळ्यांचं विजेचं मशीन बुडवलं, पाणी तपकिरी झालं. आरओचं मात्र स्वच्छ राहिलं. क्षार मोजायचा मीटर ६८० दाखवतो. आरओ घेऊ? (जळगाव)
उ. त्या मशीनला लोखंडी सळ्या असतात. वीज सोडली की सळई झिजते. ग्लासात दिसतो तो तिचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ. पुढच्या वेळी त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मशीन लावायला सांगा. आमच्याकडे आलेला फिल्टरवाला चहा न घेताच उठला.

मीटर क्षारांचा एकूण अंदाज देतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतं. पण शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. पाचपट शिसं असलं तरी मीटर ६८०च दाखवेल! पिवळेपणा लोहाचा असेल, नाल्याचाही असेल. पत्रावरून मी सांगणार नाही. शहराखाली काळा पाषाण आहे, पाणी भेगांतून धावतं, शेजारशेजारच्या बोअरचंही वेगळं असू शकतं. त्यामुळे ‘शेजाऱ्याची बोअर चांगली आहे’ हे मला ऐकवू नका. दहा मिनिटं मोटर चालवून नमुना घ्या, भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या, शिशासारख्या जड धातूंची तपासणी होते का ते तिथेच विचारा. अहवाल येईपर्यंत प्यायला नळाचं पाणी. आणि ‘पाऊस पडला की बघू’ नको. पिवळं येतंय तेव्हाचाच नमुना हवा.

प्र. गोदामाच्या पत्र्यावरचं आणि अंगणातलं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडू? (धुळे)
उ. पत्र्यावरचं सोडा, पहिल्या सरी वाहू द्या, मग वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून. अंगणातलं अजिबात नको. तिथे ट्रक उभे राहतात, डिझेल सांडतं. बोअर किती फूट, केसिंग (बोअरच्या आतला पाइप) किती, हे तुम्ही लिहिलंच नाही. ते घेऊन भूजलतज्ज्ञाला जागा दाखवा, त्याआधी पाइप जोडू नका.