मंत्रालयात 'रिसर्च' करायचाय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

राज्य सरकारात धोरणांवर संशोधनाचं काम करणं म्हणजे काय, त्यात घुसायचं कसं आणि टिकायचं कसं, यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे होते ते एकत्र केलेत, काही जरा छाटलेत. नावं घेत नाही, कारण निम्मे लोक आत्ता कुठल्यातरी खात्यात कंत्राटावर आहेत.

नांदेडला एमए इकॉनॉमिक्स केलंय. सरकारात 'पॉलिसी अ‍ॅनालिस्ट' अशी पोस्ट असते का मॅडम? परीक्षा कोणती द्यायची?

नसते. एमपीएससीच्या जाहिरातीत धोरण विश्लेषक असं पद शोधत बसलात तर डोळे दुखतील फक्त. काम मात्र भरपूर आहे, फक्त ते वेगवेगळ्या नावांनी चालतं. कायमस्वरूपी पाहिजे असेल तर सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे अर्थ व सांख्यिकी संचालनालय, नियोजन विभागाच्या अखत्यारीतलं. सांख्यिकी सहायक, अन्वेषक ही पदं तिथली, आणि बहुतेक वेळा बजेटच्या आदल्या दिवशी जी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' येते ती हेच लोक तयार करतात. दुसरा रस्ता मुख्यमंत्री फेलोशिपचा. २०१५ ला सुरू झाली, मध्ये काही वर्षं बंद होती, २०२३ पासून परत चालू आहे. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, वर्षभराचा अनुभव आणि मराठी यायला हवं, फेलो फक्त ६० घेतात आणि मुदत एक वर्ष. मानधन आणि अटी दर वेळी थोड्या बदलतात म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचा, मागच्या फेलोला विचारून अर्ज भरू नका. तिसरं म्हणजे २०२२ मध्ये स्थापन झालेली 'मित्रा', ही नीती आयोगाच्या धर्तीवरची राज्याची संस्था आहे. आणि चौथा रस्ता, ज्यातून खरं म्हणजे सगळ्यात जास्त लोक आत येतात, तो म्हणजे खात्याच्या पीएमयूमध्ये (प्रकल्प व्यवस्थापन कक्षात) एखाद्या कन्सल्टिंग कंपनीमार्फत बसणं. यात तुमची खुर्ची मंत्रालयात पण पगार कंपनीचा, आणि तुम्ही नक्की कोणाचे हे कोणालाच नीट माहीत नसतं, कधीकधी तुम्हालाही.

दिवसभर नक्की काय काम असतं? मला वाटतं रिपोर्ट वाचायचे आणि शिफारशी लिहायच्या.

वाचायचं असतं खरं, पण ते संध्याकाळी सातनंतर, कार्यासनावरचे फोन थांबले की. दिवसा तुम्ही माहिती गोळा करता. म्हणजे ३६ जिल्ह्यांना मेल गेलेला असतो, २० जिल्ह्यांचं उत्तर आलंय, त्यातल्या सहांनी चुकीच्या नमुन्यात भरलंय, एकाने मागच्या वर्षीचीच शीट परत पाठवलीय आणि सचिवांना दुपारी तीनला व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) एकच आकडा पाहिजे. मग उरलेल्या जिल्ह्यांना फोन. इथे डिग्रीपेक्षा 'नमस्कार साहेब, जरा त्रास देते' हे नीट म्हणता येणं कामाला येतं.

अधिवेशन सुरू झालं की संशोधन वगैरे सगळं कपाटात जातं. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्ध्या तासाची चर्चा, सगळ्याला उत्तरं हवीत आणि मंत्र्यांच्या हातात ब्रीफ हवं, म्हणजे छापील उत्तर तर हवंच, शिवाय आमदार उपप्रश्न काय विचारतील आणि त्यांच्या मतदारसंघातली परिस्थिती काय हेही. डिसेंबरात हेच सगळं नागपूरला. लोक याला वैतागतात, मला मात्र हा भाग आवडतो, कारण एखाद्या योजनेत गावपातळीवर नेमकं काय अडकलंय हे चकचकीत मूल्यमापन अहवालापेक्षा लक्षवेधीत पटकन कळतं. आमदाराकडे माणसं येऊन रडलेली असतात हो.

आणि मग टिपणी. नवीन योजना मंत्रिमंडळापुढे जायची तर विभाग प्रस्ताव लिहितो, तो वित्त, नियोजन, विधी व न्याय अशा विभागांच्या अभिप्रायाला जातो, वित्त विभाग बहुतेक वेळा 'आहे त्या तरतुदीतून भागवा' अशा अर्थाचं काहीतरी लिहितो, मग त्याला उत्तर द्यायचं. तुमचं ६० पानी विश्लेषण या प्रवासात दीड पानाचं होतं. त्या दीड पानात काय राहिलं पाहिजे हे ठरवणं, माझ्या मते या नोकरीतलं खरं कसब हेच आहे आणि ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पायथॉन शिकू की आर? की पॉवर बीआय?

आधी एक्सेल. हसू नका. पिव्होट आणि लुकअप डोळे मिटून जमलं पाहिजे, कारण तुमच्या शेजारचा कक्ष अधिकारी तुमची फाइल उघडून तपासू शकला पाहिजे आणि त्याच्याकडे पायथॉन नसतो. पायथॉन शिकाच, घरी वापरा, पण देताना एक्सेल द्या.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डेटाच्या खोडी माहीत असणं. सोपं उदाहरण घ्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी, २०१५-१६ ची, २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर घेतलेली, म्हणजे त्यातलं ठाणे पालघरला धरून. पाचव्या फेरीत दोघं वेगळे. आता कोणीतरी दोन फॅक्टशीट शेजारी ठेवून 'ठाण्यात कुपोषण इतकं घटलं' अशी स्लाइड करतं. अहो, जव्हार, मोखाडा, विक्रमगड तुम्ही नकाशातूनच काढून टाकलेत, घटणारच की! ही स्लाइड मी एकापेक्षा जास्त बैठकांत बघितलीय आणि दर वेळी टाळ्यांच्या मूडमध्ये असलेल्या खोलीला हे सांगणं जिवावर येतं.

त्याच फॅक्टशीटमध्ये काही आकडे कंसात असतात. शोभेला नाही, तो आकडा २५ ते ४९ केसेसवर उभा आहे एवढं सांगायला. महाराष्ट्रात पाचव्या फेरीत जिल्ह्यामागे सरासरी नऊशेच्या आसपास घरं होती, त्यातली लहान मुलं किती, त्यातल्या गेल्या दोन आठवड्यांत जुलाब झालेली किती, हिशोब करा. आणि अशा आकड्यावरून जिल्ह्यांची रँकिंग लावून जिल्हा परिषदांच्या सीईओंना व्हीसीवर झापतात.

लोकसंख्येचं तर विचारूच नका, दरडोई काहीही काढायचं तर खाली २०११ चे ११.२४ कोटी किंवा कुठला तरी अंदाज. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोपर्यंत हेच. त्यामुळे पिंपरी-चिंचवड किंवा वसई-विरारसारख्या फुगलेल्या शहरांत कुठलीही दरडोई तुलना दिसली की आधी छेद काय, म्हणजे भागायला कुठली लोकसंख्या घेतलीय, ते बघायचं.

आणि जिल्ह्यांची नावं. अहमदनगरचं अहिल्यानगर, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं, जुन्या शीटमध्ये जुनं, नव्यात नवं, काहींमध्ये स्पेलिंगच भलतं. नावावर जोडायला गेलात की तीन जिल्हे गुपचूप गळतात आणि राज्याची बेरीज चुकते. एलजीडी कोड, म्हणजे केंद्राच्या यादीतला प्रत्येक जिल्ह्याचा ठरावीक क्रमांक, तो वापरा, रोज वापरा.

मी एका विभागात कंत्राटावर आहे. एका योजनेच्या निकषांमुळे गरजू लोकच बाहेर राहतील असं माझ्या अभ्यासात दिसतंय, पण घोषणा आधीच झालीय. बोलू की गप्प बसू?

बोला, पण 'योजना चुकीची आहे' असं नाही. घोषणा झाली की हो-नाहीचा दरवाजा बंद झालेला असतो, कशी राबवायची हा मात्र सताड उघडा असतो आणि लोकांचं आयुष्य बहुतेक तिथेच ठरतं.

लाडकी बहीण योजनेचंच बघा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. २८ जून २०२४ चा शासन निर्णय. महिना १५०० रुपये, वय २१ ते ६०, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, पाच एकरांपेक्षा जास्त शेती नको, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि अर्जाला १ ते १५ जुलै अशी मुदत. कागदावर एकेक अट वाजवी वाटते. पण लाखो बायकांना एकाच पंधरवड्यात तलाठी कार्यालय आणि सेतू केंद्राकडून दाखले काढायचेत, ते सुद्धा जुलैत, म्हणजे पेरणी आणि शाळा प्रवेशाच्या गर्दीत! रांगा लागल्या, दाखल्यांसाठी पैसे मागितल्याच्या तक्रारी आल्या आणि काही दिवसांतच निकष सैल करावे लागले. पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला चालेल, वय ६५ पर्यंत, शेतीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्ट. आणि मग सैल केलेल्याची दुसरी बाजू आली, २०२५ मध्ये छाननी आणि ई-केवायसी.

योजना चांगली की वाईट यावर तुमचं-माझं मत काहीही असो, विश्लेषकाने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न साधा होता, एक तलाठी दिवसाला किती दाखले देऊ शकतो आणि मागणी किती येणार. हे गुणाकाराचं गणित आहे, रिग्रेशन नाही लागत. तुमच्या योजनेतही असंच करा. 'गरजू वगळले जातील' हे वाक्य कोणी ऐकणार नाही, 'या अटीसाठी लागणारा दाखला अमुक कार्यालयातून निघतो, तिथली क्षमता इतकी, त्याऐवजी हा कागद चालवला तर काम १५ दिवसांत होतं' हे ऐकतात, कारण त्यात साहेबांची पंचाईत टळते. दोन पर्याय द्या, प्रत्येकाचा खर्च लिहा.

आणि तोंडी सांगून थांबू नका, नस्तीवर, म्हणजे फाइलवर येऊ द्या. तुम्ही कंत्राटी असाल तर टिपणीवर सही तुमची नसेल, पण तुमचा तक्ता परिशिष्ट म्हणून लागू शकतो. भाषा थंड ठेवा. नस्तीवरची टिपणी माहिती अधिकारात मागता येते आणि वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी ती वाचणार आहे असं धरूनच लिहायचं. पेपरवाल्याला गुपचूप पाठवायची हौस मात्र आवरा, तुमचं कंत्राट जाईल ते जाईलच, पण नंतर तुमच्या विभागात बाहेरच्या पोरांना नस्ती दाखवणंच बंद होईल.

एवढं सगळं करून एखाद्या अभ्यासामुळे खरंच काही बदलतं का? प्रामाणिकपणे सांगा ताई.

बदलतं, फार हळू बदलतं, आणि बहुतेक वेळा ज्याने लिहिलं त्याचं नाव कोणाला आठवत नाही. रोजगार हमी बघा. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात छोटा प्रयोग करून बघितला. १९७२ च्या दुष्काळात त्याच कल्पनेला राज्यभर काम मिळालं, कायदा १९७७ चा, अंमलात १९७९ ला, आणि केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं. प्रयोग ते देशाचा कायदा, ४० वर्षं! मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते पैशाचं. नुसती हमी देऊन थांबले नाहीत, १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. तुमच्या पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तोच. शहरातल्या पगारदाराने गावातल्या दुष्काळी कामाचा खर्च उचलायचा असं तेव्हा सरळ ठरवलं होतं. कल्पना मांडतानाच पैसा कुठून येणार हे लिहिलेलं असलं की वित्त विभागालाही ती फेटाळणं अवघड जातं.

उलटं उदाहरण जलयुक्त शिवारचं. कामं किती झाली, किती टीसीएम (हजार घनमीटर) साठा तयार झाला याचे आकडे भरपूर होते, पण भूजल पातळी वाढली का याचं उत्तर देताना त्या वर्षीचा पाऊस वजा करावा लागतो आणि ते कोणी नीट केलं नाही. कॅगने २०२० च्या अहवालात भूजल पातळीच्या याच मुद्द्यावर बोट ठेवलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, म्हणजे मोजायची सोय घरात होती. योजना सुरू करतानाच 'आम्ही यशस्वी झालो हे कुठल्या विहिरीवरून ओळखणार' हे लिहायला हवं होतं.

लंडनमध्ये पब्लिक पॉलिसीत मास्टर्स करतेय, परत येऊन महाराष्ट्रातच काम करायचंय. मराठी घरी बोलते, पण लिहायची सवय नाही. अडेल का?

अडेल. मीटिंगमध्ये निम्मं इंग्रजी चालतं, स्लाइडही इंग्रजी चालतात, पण टिपणी, शासन निर्णय, विधानमंडळाची उत्तरं मराठीतच, आणि शेवटी उरतं तेच. तुमचं इंग्रजी दुसरं कोणीतरी मराठी करणार असेल तर 'शक्य असल्यास'चं 'आवश्यक' होऊन शासन निर्णयात जातं. आत्तापासून रोज एक शासन निर्णय वाचा, सरकारच्या वेबसाइटवर विभागवार सगळे असतात. 'वाचा' म्हणून वर जुन्या निर्णयांची यादी असते तीही मागे मागे जाऊन उघडा, एका योजनेचा सगळा इतिहास त्यात सापडतो. भाषा संचालनालयाचा शासन व्यवहार कोश जवळ ठेवा. दोन-तीन महिन्यांत हात बसतो.

मुलगी ११ महिन्यांच्या कंत्राटावर मंत्रालयात लागलीय. पगार बरा आहे, पण पुढे काय? तिची आई म्हणते एमपीएससी सोडायला नको होती. – एक वडील, सातारा

काका, काळजी बरोबर आहे. हे कंत्राट दर वेळी वाढेलच असं नाही, सचिव बदलले की अख्खी टीम घरी बसलेली बघितलीय, आणि 'पुढे कायम करून घेऊ' असं कोणी तोंडी म्हणत असेल तर त्यावर घराचं कर्ज काढू नका. पण दोन-तीन वर्षं काम केलेल्या मुलांना बाहेर मागणी असते, संस्था, सीएसआर, विद्यापीठं, कन्सल्टिंग सगळीकडे, कारण सरकारात फाइल कशी हलते हे माहीत असलेली माणसं कमी आहेत. एमपीएससी द्यायचीच असेल तर नोकरी करत दोन प्रयत्न, असं ठरवून द्यावी, अर्धवट दोन्हीकडे नको. तिला सांगा प्रत्येक नेमणूक आदेश, मुदतवाढीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र वेळच्या वेळी सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेव, साहेबांची बदली झाल्यावर ते मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. पीएफ कापला जातोय का तेही या महिन्याच्या स्लिपवर बघून घ्या.