तो ब्लाउज मला होतच नाही

‘बाळंतपणानंतर मी पुन्हा पहिल्यासारखी दिसेन का?’ कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न सारखा येतो, पण सरळ कधीच येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, कुठल्या कार्यक्रमाला जावंसं वाटत नाही, असं काहीबाही पुढं करून तो मागनं येतो.

सुजाताही तशीच आली. (नाव आणि काही तपशील बदललेत.) वय 28, बाळ सात महिन्यांचं. सोबत सासूबाई. त्याच आधी बोलल्या, “जेवतच न्हाई ओ ही. अर्धी भाकरी खाती आन् उठती. अंगावर पाजतीया, कसं व्हायचं?” एवढं सांगून त्या बाळाला घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

सुजाता बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मी अशी नव्हतो हो मॅडम.” आमच्याकडं मुली ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. एरवी माझ्यासमोर प्रमाण मराठी बोलणारी मुलगीही मन भरून आलं की या बोलीवर येते, आणि तिथून पुढचं बोलणं खरं असतं.

बारशाला एक लांबची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, “पोरगं ग्वाड हाय, पण तू किती सुटलीस गं!” सगळे हसले, सुजाताही हसली. त्या रात्रीपासून तिनं आरशासमोर उभं राहणं सोडलं. केस मुठीनं गळत होते, ते ती कागदात गुंडाळून लपवून टाकायची. आता भावाचं लग्न तोंडावर आलेलं. एका दुपारी दार लावून तिनं स्वतःच्या लग्नातल्या शालूवरचा ब्लाउज घालून पाहिला. तो दंडातच अडकला. कसाबसा काढला आणि कपाटाच्या तळाशी कोंबला. “लग्नाला जाणार नाही म्हणून सांगणार आहे,” ती म्हणाली. ब्लाउजचं मात्र घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सुरुवातीच्या काळात अशा वेळी मी म्हणायचे, ‘अगं, आई झालीस, यापेक्षा मोठं सौंदर्य कुठलं?’ एक बाई हे ऐकून मान हलवून गेली आणि परत आलीच नाही. तेव्हापासून मी ते म्हणत नाही. बाई रडत असते तिच्या शरीरासाठी, आणि आपण तिच्या हातात आईपण ठेवून तिला गप्प करतो. छान दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. बाळ झालं म्हणून ती हौस मरत नाही, मरूही नये.

म्हणून आधी शरीराबद्दलच बोललो. गर्भाशय पूर्वीच्या आकारात यायलाच साधारण सहा आठवडे लागतात. पोटाचे ताणलेले स्नायू जवळ यायला त्याहून जास्त वेळ लागतो. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात, ते बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा भरतात. पोटावरचे लाल वळ फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. हेही मी सांगितलं, कारण खोटी आशा मला द्यायची नव्हती. आणि पाजणाऱ्या बाईनं अर्धपोटी राहणं मला मुळीच मान्य नाही. तिला अन्न एरवीपेक्षा जास्त लागतं. थकवा आणि केसगळती होती म्हणून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला डॉक्टरांकडं पाठवलं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक चाचणी वापरतात, तीही घेतली. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं, तेव्हा मला हायसं वाटलं. ज्यांचं उत्तर वेगळं येईल त्यांनी एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं.

मग मी तिला विचारलं, पाजताना बाळ कुठं बघतं? तिला सांगता येईना, कारण त्या वेळी ती मोबाईल बघायची. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं. कुशीतल्या बाळापासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणजे जगातलं पहिलं रूप म्हणून त्यानं हाच चेहरा पाहिलाय. “आठवडाभर मोबाईल बाजूला ठेव आणि ते काय बघतं ते बघ,” म्हटलं. “आणि ब्लाउजचं सासूबाईंना सांग.” दुसऱ्या गोष्टीला ती घाबरली.

पुढच्या वेळी आली तेव्हा आधी बाळाचं सांगितलं. दूध पिता पिता मध्येच थांबतं, तिच्या नाकावर हात ठेवतं आणि हसतं. “माझ्याकडं बघून हसतंय, मॅडम,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मग पिशवीतनं ब्लाउज काढून टेबलावर उलटा पसरला. सासूबाई घरीच शिवणकाम करतात, हाही त्यांनीच शिवलेला. सुजातानं रडत सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, ब्लाउज उलटा केला आणि बगलेतली शिवण उसवायलाच घेतली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडलेली होती. “अंग भरणारच की पोरीचं,” त्या म्हणाल्या होत्या, “म्हणून तवाच ठिवलेली.”

मी शिवणीवरनं बोट फिरवलं. जुन्या टाक्यांची बारीक भोकं अजून दिसत होती, आणि मायेतलं कापड बाहेरच्या कापडापेक्षा गडद होतं, नव्यासारखं.

“लग्नाला जाणार आहे मी,” सुजाता म्हणाली. “केसांत काय माळू, ते तेवढं सांगा.”