आयरिश 'सूल्' : डोळा, सूर्य आणि आशा

प्रश्न असा आला : आयरिश भाषेत डोळ्याला 'सूल्' म्हणतात, त्याचा आपल्या 'शूळ'शी काही संबंध आहे का? आणि 'ता सूल् अगम' याचा अर्थ 'मला आशा आहे' असा का होतो?

शूळाशी संबंध नाही. नातं आहे ते थेट सूर्याशी! बहुतेक भाषाभ्यासक 'सूल्' हा सूर्यवाचक मूळ धातूपासून आला असं मानतात. संस्कृत सूर्य, लॅटिन सोल आणि ग्रीक हेलिओस ही त्याच घरातली भावंडं. आयरिशची शेजारीण वेल्श, तिच्यात हाच शब्द 'हाइल' झाला आणि त्याचा अर्थ आजही सूर्यच आहे. आयरिशमध्ये मात्र सूर्याला 'ग्रिअन' म्हणू लागले आणि जुना शब्द डोळ्याकडे गेला. पुरुषसूक्तातलं 'चक्षोः सूर्यो अजायत' आठवलं ना? तिथे डोळ्यापासून सूर्य, इथे सूर्यापासून डोळा. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

संस्कृतात डोळ्याला 'अक्षि' म्हणतात; त्या कुळातला शब्द आयरिशने डोळ्यासाठी ठेवला नाही. आपणही नाहीच ठेवला : हिंदी-गुजरातीने 'आँख' जपली, मराठीने 'डोळा' धरला. जुन्या आयरिशमध्ये डोळ्याला 'देर्क' असाही शब्द होता, तो आपल्या 'दृश्'चा सख्खा. त्याचाच आजचा अवतार 'द्यार्क' म्हणजे बघणे, आणि 'द्यार्कह' म्हणजे दृष्टिकोन. दृष्टीपासून दृष्टिकोन, अगदी आपल्यासारखंच.

आता आशेचं. 'ता' म्हणजे आहे, 'अगम' म्हणजे माझ्याजवळ. आयरिशमध्ये 'असणे'हून वेगळं, मालकी दाखवणारं क्रियापदच नाही. 'माझ्याकडे पुस्तक आहे' या आपल्या धाटणीनेच ते बोलतात. तेव्हा शब्दशः 'माझ्याजवळ डोळा आहे'. डोळा म्हणजे नजर, आणि येणाऱ्याच्या वाटेवर लागलेली नजर म्हणजे आशा. आपण 'डोळे लावून बसलोय' म्हणतो ना, तेच. 'अग सूल् ले' म्हणजे एखाद्याची किंवा कशाची वाट पाहत असणे. बाळाची चाहूल लागलेल्या घरातही हेच शब्द वापरतात.

दृष्ट लागते ती 'द्रोह्-हूल', म्हणजे वाईट डोळा. पुलाची कमान हीसुद्धा पुलाची 'सूल्'. सुईला मात्र डोळा नाही : तिच्या भोकाला 'क्रो' म्हणतात, जसं आपण नेढं म्हणतो.