आवाज बसला, शब्द अडले : वाचकांचे प्रश्न, वाणी-उपचारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पहिली-दुसरी एकत्र, वर्गात ५२ मुलं. दिवाळीपासून आवाज घोगरा आहे. सकाळी बरा असतो, चौथ्या तासाला फाटतो. ज्येष्ठमध, हळद-दूध, गुळण्या सगळं झालं. घरी आल्यावर कुजबुजत बोलते, तरी फरक नाही. (उचगाव)

कुजबुजणं आजपासून बंद करा. कुजबुजताना बहुतेक जण घसा आवळूनच हवा सोडतात, त्यामुळे विश्रांती मिळतच नाही. त्यापेक्षा हळू पण खऱ्या आवाजात बोला, नाहीतर गप्प राहा.

बाईमाणूस साध्या आवाजात बोलतं तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. म्हणजे मिनिटभर सलग आवाज काढला की १२,००० वेळा. ओरडलं की आपटण्याचा जोर वाढतो. खुरपं धरून तळहाताला घट्टे पडतात, तसे तंतूंच्या सर्वाधिक मार बसणाऱ्या जागी दोन्ही बाजूंना घट्टे येतात. मग तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा गळते आणि आवाज घोगरा होतो. दिवसभर वापरून सूज चढते, म्हणून सकाळी बरा आणि दुपारी फाटलेला.

पण हा अंदाज झाला. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरेपणा दुर्बिणीतून बघितल्याशिवाय कुणीही व्यायाम सांगू नये. गाठ, लकवा, कर्करोग यांचाही आवाज असाच लागतो. घरात कुणी तंबाखू किंवा मशेरी लावत असेल आणि त्यांचा आवाज बदलला असेल, तर त्यांनी तीन आठवडेही थांबू नये. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं तपासणी होते.

ज्येष्ठमधाबद्दल एक सांगायला हवं. स्वरतंतूंवर पाण्याचा थेंब पडला तरी जोराचा ठसका लागतो. म्हणजे गुळणी आणि चघळलेला रस तिथं पोचतच नाही. पोचते ती वाफ. पिलेलं पाणी उपयोगी पडतं ते सगळ्या शरीरातून फिरून, म्हणून तासाला चार-पाच घोट घेत राहा.

तपासणीत घट्टेच निघाले, तर नळीचा व्यायाम सर्वांत कामाचा. अर्धा पेला पाणी घ्या, शीतपेयाची साधी नळी दोन सेंटिमीटर बुडवा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि नळीतून ‘ऊ’ असा आवाज काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. आधी एकाच सुरात, मग खालून वर आणि वरून खाली घसरत. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. पाण्याचा दाब उलटा येऊन तंतूंना किंचित विलग ठेवतो, त्यामुळे आवाज निघतो पण मार कमी बसतो. चुका ठरलेल्या असतात : नुसती फुंकर मारली जाते, आवाज नसतोच (गळ्यावर बोटं ठेवून कंप तपासा), नळी खोल बुडवली जाते, मग जोर लावावा लागतो, किंवा मानेच्या शिरा ताणल्या जातात. ओठांपाशी मुंग्या आल्यासारखं वाटलं की जमलं.

वर्गात मुलांच्या आवाजावर चढून बोलू नका. टाळीचा ठेका किंवा घंटा ठरवून घ्या, गप्प झाल्यावरच बोला. कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक मिळतो, तो घ्याच. त्यात कमीपणा काही नाही. खाकरायची इच्छा झाली की घोट गिळा. आणि रात्री दहाला तांबडा रस्सा जेवून अकराला आडवं झालं, तर पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

घट्टे बहुतेकदा दोन-तीन महिन्यांच्या उपचारानं उतरतात. सवयी न बदलता शस्त्रक्रिया केली तर पुन्हा येतात.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. ‘काका’ला ‘ताता’, ‘गार’ला ‘दार’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, जिभेखालचा पडदा कापून घ्या आणि मधातून वेखंड चाटवा. काय करू? (शिवाजी पेठ)

पडद्याचा संशय तुमच्या मुलानंच खोडून काढलाय. पडदा जिभेचं टोक अडवतो. ‘त’, ‘द’ टोकानं निघतात आणि ते तर तो छान म्हणतो. ‘क’, ‘ग’साठी जिभेची मागची बाजू टाळूला लागावी लागते, तिथं पडद्याचा संबंध नाही. कापून ‘क’ येणार नाही. वेखंडानं तोंडाची आग होते, ठसका लागू शकतो आणि बोलणं सुधारत नाही. (एक वर्षाखालच्या बाळाला तर मधाचं बोटही लावू नका.)

‘क’च्या जागी ‘त’ हे तीन-साडेतीनपर्यंत चालतं. चारनंतर उपचार घ्यावेत. ‘र’ मात्र उशिरा येतो, त्याची घाई नको.

पहिलं काम श्रवणचाचणी. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागं पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग त्याला फरक कळतो का ते बघा. कारचं आणि तारेचं चित्र समोर ठेवा, तोंडावर वही धरून ‘कार’ म्हणा. तो कारवर बोट ठेवतोय का? दहातल्या आठ वेळा बरोबर आलं, की म्हणायला शिकवा.

आधी बसून पाण्याची गुळणी करू दे, म्हणजे घशाजवळची जागा त्याला उमगते. मग पाणी थुंकून गादीवर उताणा निजवा. जीभ आपसूक मागे जाते. चमच्याच्या स्वच्छ दांड्यानं जिभेचं टोक खालच्या दातांमागं अलगद धरा आणि ‘अक्’ म्हणायला सांगा. ‘का’पासून सुरुवात केली की मूल ‘ता’वरच घसरतं, म्हणून शेवटी ‘क’ असलेले शब्द आधी : नाक, चाक. मग का, की, कू. मग काका, केळं. मग ‘काका केळं खातो’. एका पायरीवर दहातले आठ उच्चार नीट आल्याशिवाय पुढं जाऊ नका. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स.

पाहुण्यांसमोर ‘काका म्हण, काका म्हण’ करू नका. तो ‘दाडी आली’ म्हणाला, तर ‘हो, गाडी आली! लाल गाडी’ म्हणून पुढं चला. दोन महिन्यांत हलत नसेल तर तज्ज्ञाकडं जा, आणि जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. त्याशिवायही पाट्या लागतात.

आणखी एक, कारण बालवाडीतून अशा तक्रारी येतात : मुलगी ‘मी आलो’ म्हणते, ‘काय करायलाईस’ म्हणते. तो वाणीदोष नव्हे, ती आपल्या कोल्हापूरची बोली आहे. त्यावर उपचार करायचा नसतो.

प्रश्न : आण्णांना (वय ६४) पाच आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. विचारलं की फक्त ‘नाही, नाही’ म्हणतात. पण संध्याकाळी आरती अख्खी म्हणतात! मुद्दाम बोलत नाहीत का? पाणी पिताना ठसकाही लागतो. (इचलकरंजी)

ठसक्याचं आधी. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. डॉक्टरांना आजच सांगा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर आडवं असताना काहीही पाजू नका. ताठ बसवून चमच्यानं द्या, एक घोट गिळल्यावरच दुसरा, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवा. पिल्यावर आवाज घळघळीत येत असेल किंवा ताप आला, तर थांबू नका.

आण्णा मुद्दाम काही करत नाहीत. बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, तिथं इजा झाली की उजवं अंग आणि शब्द दोन्ही जातात. याला वाचाघात म्हणतात. आरती, अंक, वारांची नावं यांची साखळी वर्षानुवर्षं घोटलेली असते, आणि गाण्याला उजव्या बाजूचाही आधार मिळतो. म्हणून आरती येते आणि ‘चहा’ येत नाही. बुद्धी शाबूत असते, पण समजण्यातही थोडा अडथळा असू शकतो.

‘काय पाहिजे?’ विचारू नका. कपबशी आणि तांब्या समोर धरून ‘चहा? की पाणी?’ विचारा आणि दहा सेकंद थांबा. मनातल्या मनात मोजा, कारण घरचे दोन सेकंदांतच स्वतः उत्तर देऊन टाकतात. त्यांचं ‘नाही’ कधीकधी ‘हो’ असतं, म्हणून अंगठा वर-खाली करून खात्री करून घ्या. टीव्ही बंद ठेवा, एका वेळी एकानंच बोला. घरच्यांचे फोटो, औषध, संडास, चष्मा यांची चित्रं एका वहीत चिकटवून ती उशाशी ठेवा.

गाण्याचा उपयोग करा : ‘चहा द्या’ हे दोन सुरांत, त्यांच्या डाव्या हातानं मांडीवर ठेका देत, आधी तुमच्याबरोबर, मग शेवटचा शब्द त्यांच्यावर सोडून. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असतो, पण नंतरही ती चालू राहते. उपचार याच आठवड्यात सुरू करा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, तालमीत जातो, अंगानं भक्कम. पण आवाज बाईसारखा बारीक. फोनवर सगळे ‘ताई’ म्हणतात. तो बोलणंच टाळतो. (कागल)

वयात येताना स्वरयंत्र वाढतं, पण कधीकधी जुन्याच उंच पट्टीत बोलायची सवय राहते. दाढी-मिशी आणि बाकीची वाढ नीट आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या, दुर्बिणीतूनही बघून घ्या. सगळं ठीक असेल, तर हा आवाजाच्या तक्रारींतला लवकर बरा होणारा प्रकार. त्याला खोकायला सांगा : खोकल्यात जो जाड आवाज निघतो, तोच त्याचा खरा आवाज. तज्ज्ञ कंठमणी बोटांनी हलकेच खाली दाबून तो आवाज ‘आ’मध्ये, मग शब्दांत उतरवतात. हे दाबणं घरी करू नका. बऱ्याच मुलांना थोड्याच बैठका पुरतात. अवघड असतो तो त्यापुढचा आठवडा, कारण नवा आवाज त्याचा त्यालाच परका वाटतो आणि तो जुन्यावर जातो. तालमीतल्या वस्तादांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे पोरं चेष्टा करणार नाहीत, आणि पहिला फोन त्याला अनोळखी माणसाला करू द्या.